ऋण काढून शिक्षण

गेल्या लक्ष्मीपूजनाला मी आमच्या शाळेजवळच्या एका शिंप्याच्या घरी फराळाला गेलो होतो. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीतली दोन शिलाई यंत्रे पुसून, तेल देऊन भिंतीशी लावली होती आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाटावर पूजा मांडली होती. लक्ष्मीची तसबीर, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, ताटलीत सुटे पैसे, गिऱ्हाइकांची मापे लिहिण्याची वही, सगळे रीतीप्रमाणे होते. पण वहीच्या शेजारी आणखी एक वस्तू होती. ती पाहून मी थबकलो. बँकेचे पासबुक होते, आणि त्यावरही हळदकुंकू वाहिलेले होते.

"बचतीचं का?" मी विचारले.

शिंपी हसला. "बचत कुठली, गुरुजी! पोट्ट्याच्या कर्जाचं हाये. देनं बी लक्ष्मीच हाये नं. घरातून जाते म्हनून का तिले हात नाही जोडाचा?"

इतवारीतले व्यापारी त्या संध्याकाळी नव्या वह्यांची पूजा करतात. वहीत येणे आणि देणे अशी दोन्ही अंगे असतात. तथापि हात जोडताना मनात असते ते येणे. देण्यापुढे हात जोडणारा माणूस मी तरी प्रथमच पाहिला. घरी परतताना रस्ताभर फटाके वाजत होते, पण माझे लक्ष त्या पासबुकातच अडकून राहिले. त्याला कारण होते. ते कर्ज काढायला मीच सांगितले होते.

वाचकांना प्रथम माझी लायकी सांगितली पाहिजे. मी मॅट्रिक. हल्ली त्याला दहावी म्हणतात. पण माझ्या वडिलांनी जुना शब्द शेवटपर्यंत सोडला नाही आणि मलाही तोच आवडतो. मॅट्रिकनंतर चित्रकला शिक्षकाची पदविका केली, शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहू लागलो. आजवर तीन छापून आल्या. तिन्हींचे मानधन एकत्र केले तर शिंप्याच्या मुलाचा एक हप्ता भागेल की नाही, याची मला शंका आहे. अशा माणसाकडे लोक कर्जाचा सल्ला विचारायला का येतात, असे कोणी म्हणेल. उत्तर सोपे आहे. गरीब घराला शिक्षणाविषयी विचारण्याजोगा ओळखीचा माणूस एकच असतो, तो म्हणजे मास्तर. तो कशाचा मास्तर आहे हे कोणी पाहत नाही. शिवाय २०१७ साली मी दहावीच्या एका तुकडीचा वर्गशिक्षक होतो.

त्या वर्षी निकाल लागल्यावर शिंपी मुलाला घेऊन माझ्याकडे आला. मुलाला संगणकाचे भारी वेड. शाळेच्या जुन्या संगणकावर त्याने तासांचे वेळापत्रक जुळवून देणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता, आणि हेडमास्तरांनी तो वापरलाही होता. त्याला दहावीनंतरची तीन वर्षांची संगणक अभियांत्रिकीची पदविका करायची होती. नागपुरात १९१४ पासूनचे शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथली फी खाजगी कॉलेजाच्या मानाने पुष्कळ कमी. परंतु जागा मोजक्या आणि मागणारे फार. मुलाचे गुण थोडक्यात कमी पडले. शहराबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात प्रवेश मिळत होता. सवलती वजा जाता फी, बसभाडे, पुस्तके आणि एक साधा लॅपटॉप मिळून वर्षाला एक लाख. तीन वर्षांचे तीन लाख.

मी ड्रॉइंगच्या कागदाची कोरी पाठ घेतली आणि हिशेब मांडला. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत. आईबाप सहकर्जदार असले की पुरते. अभ्यासक्रमाची वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. ऐकायला हे मोठे दयाळू वाटते. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. दर शेकडा १० धरला. पहिल्या वर्षी उचललेल्या लाखावर चार वर्षांचे ४० हजार, दुसऱ्या लाखावर तीन वर्षांचे ३० हजार, तिसऱ्यावर दोन वर्षांचे २० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच ९० हजार चढले आणि तीन लाखांचे तीन लाख नव्वद हजार झाले. ते सात वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे ६,४७५ रुपये, आणि एकंदर भरणा ५ लाख ४४ हजारांच्या आसपास. हप्ता जड वाटतो म्हणून पंधरा वर्षांची मुदत मागितली तर तो सुमारे ४,१९० वर येतो. मात्र एकंदर भरणा साडेसात लाखांच्या वर जातो. हलका हप्ता शेवटी महागच पडतो.

शिंपी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. घरची कोरडवाहू जमीन, पीक कपाशीचे. कापूस पिकवणे परवडेना म्हणून तो नागपुरात कापड शिवायला आला. विदर्भातल्या शेतकरी घरात कर्ज हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. का, ते सणाच्या दिवसांत सांगायला नको. सर्वांना ठाऊक आहे. कागदावरचे आकडे त्याने बराच वेळ न्याहाळले आणि तो म्हणाला, "गुरुजी, हे बी कपाशीवानीच हाये. बियान्याचा भाव पक्का, खताचा भाव पक्का. कापसाचा भाव मात्र कोनाले ठाऊक?"

साऱ्या प्रश्नाचे मर्म त्या एका वाक्यात होते. पण त्या दिवशी मला ते उमगले नाही. मी ऐटीत म्हणालो, "शेती वेगळी, विद्या वेगळी. विद्येला ना बोंडअळी लागत, ना पाऊस बुडवत." मिहानमध्ये मोठमोठ्या कंपन्या आल्या आहेत, संगणक जाणणाऱ्याला मरण नाही, असेही बरेच सांगितले. मुलगा माझ्याकडे असा पाहत होता की बापाचे मन विरघळले. मुलाला अठरा वर्षे पूर्ण नव्हती. कायद्याला त्याची सही चालत नव्हती. सही बापाने केली. मी फक्त पेन दिले.

आता दुसरी हकीकत सांगतो. ती सांगायला मला अधिक जड जाते.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्याच तुकडीतल्या एका मुलीच्या आईने मला घरी बोलावले. आई एका खानावळीत पोळ्या लाटायला जाई. मुलीचे वडील हयात नव्हते. मुलीचे गुण त्या मुलाहून दोन-चार जास्तच होते, आणि वेळापत्रकाचा तो प्रोग्राम लिहिण्यात तिचाही निम्मा हात होता. तिलाही तीच पदविका करायची होती. शासकीय तंत्रनिकेतनातली संगणक शाखा तिच्याही हातून निसटली होती आणि तिच्यापुढेही तीच खाजगी जागा होती. मी पुन्हा कागदाची कोरी पाठ घेतली. पुन्हा तीन लाख, पुन्हा शेकडा १०, पुन्हा ६,४७५. आकडा एकही बदलला नाही. पण शेवटी माझ्या तोंडून निघाले ते असे: "ताई, एवढा बोजा डोक्यावर कशाला घेता? उद्या लग्नाचंही पाहावं लागेल. आयटीआयमध्ये कोपा म्हणून संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. खर्च थोडा आणि कर्ज मुळीच नको."

आईला सुटल्यासारखे झाले. तिने माझे आभार मानले. मीही एका गरीब घराला कर्जातून वाचवले, अशा समाधानात चहा पिऊन घरी आलो.

पुढे काय घडले? मुलगा २०२० साली पदविका उत्तीर्ण झाला. ते वर्ष कोणते, हे सांगायला नको. २०१७ मध्ये मांडलेल्या माझ्या हिशेबात करोना कुठेच नव्हता. कॉलेजात नोकऱ्या द्यायला कोणी आले नाही. वर्षभर घरी बसून अखेर त्याला नागपुरातच दुकानांची बिले करणारे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका लहान व्यवसायात ९ हजारांची नोकरी मिळाली. त्याच सुमारास हप्ता सुरू झाला. पगारातून हप्ता वजा जाता हातात उरत अडीच हजार. दोन वर्षे त्या कर्जाचा खरा भार वाहिला तो बापाच्या शिलाई यंत्राने. रात्री अकरापर्यंत त्या यंत्राचा आवाज मला येताजाता ऐकू येई, आणि मी पावले भराभर उचली. पुढे संगणकाच्या धंद्याला तेजी आली तेव्हा मुलगा पुण्याला गेला. तेजी ओसरली तेव्हा नोकरी गेली आणि तो परत आला. आता तो मिहानमधल्या एका कार्यालयात आहे, पगार बरा आहे. कर्जाचा शेवटचा हप्ता २०२८ साली आहे.

मुलीने आयटीआय केले. तिच्यावर कर्ज नाही. आपले सरकार सेवा केंद्रात ती संगणकावर बसते आणि लोकांचे उत्पन्नाचे दाखले, मुलांचे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. मागच्या वर्षी एका दाखल्यासाठी मी तिथे गेलो. तिने मला बसायला खुर्ची दिली, रांग असूनही माझे काम चोख केले. मी सहज म्हणालो, "बरं आहे ना तुझं? कर्जाच्या भानगडीतून वाचलीस."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "हो सर, वाचले. पण सर, त्या दिवशी तुम्ही हिशेब केलात तो मी पाहिलाच नाही. मी आत चहा करत होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते. त्या रात्री मला प्रथमच स्वच्छ दिसले की मी दोन घरी एकच गणित केले आणि दोन उत्तरे दिली. मुलाच्या घरी मी आशा मोजली, मुलीच्या घरी धोका मोजला. आकड्यांनी मला दोन्ही वेळा मुकाट्याने साथ दिली, कारण आकडे स्वतःहून काहीच बोलत नाहीत. आपल्या मनात जे आधीच ठरलेले असते तेच त्यांच्या तोंडून वदवून घेतो. अलीकडे, २०२४ मध्ये, महाराष्ट्र शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. पदविका झालेल्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्या मुलीने पदविका केली असती तर कदाचित ते दारही तिला उघडे झाले असते. परंतु "असती तर" या शब्दांवर मास्तराने फार वेळ उभे राहू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कर्ज एका पारड्यात आणि पुढची कमाई दुसऱ्या पारड्यात घालून शिक्षणाचा निर्णय करणे हे योग्य आहे काय?

आपल्याकडे जुन्या काळी उलटा हिशेब होता. तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणे घेऊनच जन्माला येतो असे सांगितले आहे. देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. त्यांतले ऋषींचे ऋण कसे फेडायचे? तर शिकून. म्हणजे शिकणे हीच परतफेड होती. आज शिकण्यासाठी ऋण काढावे लागते. शब्द तोच राहिला, पण देणे उलटे फिरले. मात्र या जुन्या विचाराचे फार कौतुक करण्यापूर्वी एक गोष्ट विसरू नये. ते वचन ब्राह्मणाविषयी आहे. बाकीच्यांना शिकण्याचे ऋण फेडायची मुभा तर सोडाच, ते ऋण आपल्यावर आहे असे म्हणण्याचीही सोय नव्हती. दीक्षाभूमीच्या गावात राहून हे विसरणे शोभणार नाही.

डॉ. आंबेडकरांनी घेतलेले शिक्षणही काही फुकटचे नव्हते. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली ती बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही आणि त्यांना निघून यावे लागले. अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून वाचवलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर. तेव्हा ऋण काढून शिकू नये, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? मात्र ते कर्ज देणारा माणूस कर्जदाराला जवळून ओळखत होता. पुढे काही विपरीत घडले असते तर त्याची झळ त्यालाही लागली असती.

याच नागपुराची आणखी एक आठवण देतो. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींचे मालक होते. त्यांनी मृत्युपत्राने आपली मोठी संपत्ती नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी दिली आणि त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली. अमरावती रोडवरून जाताना आजही ती दिसते. तिथून शिकून गेलेल्यांनी त्या खाणमालकाचे देणे कोणत्या बँकेत भरले? कोठेच नाही. जमिनीतून काढलेले धन त्यांनी पुढच्या पिढ्यांना देऊन टाकले. ज्या काळी असे कोणीतरी भार उचलत असे, मग तो दाता असो की सरकार असो, त्या काळी शिकणाऱ्याच्या खांद्यावर तो येत नसे. आज तो भार सोळा वर्षांच्या मुलावर आणि त्याच्या शिंपी बापावर आला आहे. आणि हा बदल इतका हळूहळू झाला की त्याविषयी कोणी कोणाला विचारलेसुद्धा नाही.

शिंप्याचे कपाशीचे वाक्य मला आता पटते ते यासाठी. कॉलेजाची फी पक्की, बँकेचे व्याज पक्के, हप्त्याची तारीख पक्की. अनिश्चित एकच, मुलाची कमाई. एका पारड्यात धोंडा आणि दुसऱ्यात ढग ठेवून आपण तागडी धरतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आणि जे प्रोग्राम लिहायला मुले शिकतात ते यंत्रच लिहू लागले. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करणार असल्याचे जाहीर केले. यावरून या विद्येला भविष्य नाही असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हेही भविष्य सांगणेच झाले. पंधरा वर्षांचे कर्ज देणाऱ्याला पंधरा वर्षांपुढचा पगार ठाऊक नसतो, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि तो चुकला तर त्याची भरपाई करतो दुसराच.

जगात इतरत्र याचा विचार झाला नाही असे नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची संगणक-प्रोग्रामिंगची असोशिएट पदवी मिळते. आपल्या पदविकेची ती मावसबहीण म्हणावी. त्या श्रीमंत देशात सरकारी शैक्षणिक कर्जाची बाकी १.६ लाख कोटी डॉलरच्या वर गेली आहे. त्यातले काही माफ करण्याची सरकारची योजना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये रद्द केली. उलट ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून निराळी रीत ठेवली आहे. तिथे पदवीच्या फीची परतफेड कराबरोबर होते, आणि तीही कमाई ठराविक मर्यादेच्या वर गेली तरच. पीक आले तर सारा, नाही आले तर तहकुबी, असा तो प्रकार. आमच्या शिंप्याला हे समजावून सांगितले तेव्हा तो म्हणाला, "त्या देशात शेतकरी राज्य करते का, गुरुजी?"

पण आपल्याकडे अशी रीत येईपर्यंत घराघरांनी काय करावे? काही विद्वान मित्र म्हणतात, विद्या तागडीत घालूच नये, तिचे मोल पैशात होत नाही. हे म्हणणे उदात्त आहे, पण ज्यांच्या घरी हप्त्याची तारीख नाही त्यांनाच ते परवडते. दुसरे व्यवहारी मित्र म्हणतात, जी विद्या कर्जाच्या दुप्पट कमावून देत नाही ती घेऊच नये. त्यांचे ऐकले असते तर मी चित्रकला कधीच शिकलो नसतो.

मला वाटते, दोघेही दोन निराळे प्रश्न एकात मिसळतात. हे आपल्याला झेपेल काय, हा एक प्रश्न. आणि हे शिकण्याजोगे आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे आणि निष्ठुरपणे द्यावे. चांगल्यात चांगला पगार डोळ्यांपुढे ठेवून कर्ज काढू नये. वाईटात वाईट पगारावर ते मोजावे. शिंप्याच्या मुलाचा पहिला पगार ९ हजार होता. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे ३ हजार, हप्त्याला देता येतो असे धरले तर सात वर्षांत शेकडा १० दराने सुमारे १ लाख ८० हजारांचे कर्ज फिटते. तेवढेच त्या घराला झेपण्याजोगे होते. उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या वाटा धुंडाळायला हव्या होत्या. शासकीय जागेच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबायचे, जुना लॅपटॉप घ्यायचा, शिष्यवृत्तीच्या प्रत्येक अर्जाचा पाठपुरावा करायचा. शिकत असतानाच व्याज भरत गेले तर पहिल्या लाखावर ते महिना साडेआठशेसुद्धा होत नाही. दोन यंत्रे असलेल्या घराला तेवढे जमले असते, आणि पुढचा डोंगर पुष्कळ खाली आला असता. हे मला २०१७ मध्ये सांगता आले असते. कागद समोर होता. मी मात्र मिहानचे वर्णन करण्यात गुंग होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पगाराच्या पावतीवर नसते. शिंप्याच्या मुलाला मी एकदा विचारले, "खरं सांग, एवढं सगळं सोसून हे शिकलास, त्याचा पस्तावा होतो का?" तो म्हणाला, "सर, पाच तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज येतो, त्या दिवशी होतो. पण काम आवडतं, सर. अडलेला प्रोग्राम रात्री चालू लागला की बाबांना उठवून सांगावंसं वाटतं." बापाला त्यातले काही कळत नाही; पण तो उठून बसतो, एवढे मला ठाऊक आहे. हा आनंद कर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहायचा? आणि ज्या मुलीला तो मिळू शकला असता, तिच्या बाबतीत तो कोणाच्या खात्यावर बाकी राहिला? बँकेच्या नाही. माझ्या.

माझ्या स्वतःच्या शिक्षणाचे असेच एक देणे आहे. माझे मामा वर्ध्याला पोस्टात होते. पदविकेच्या काळात ते मला दर महिन्याला मनीऑर्डर पाठवीत. कुपनावर "खुशाल असावे" याखेरीज शब्द नसे. नोकरी लागल्यावर मी पैसे परत करायला गेलो, तर ते रागावले. म्हणाले, "मला नको. कोणाला तरी दे." मामांच्या कर्जाला व्याज नव्हते, म्हणूनच ते आजवर फिटलेले नाही. बँकेचे कर्ज शेवटच्या हप्त्याबरोबर संपते. हे दुसरे संपत नाही, आणि संपूही नये. पण या दुसऱ्या ऋणाची थोरवी सांगून पहिल्याचा बोजा पोरांवर लादणे हा अप्रामाणिकपणा आहे. मास्तरांनी तरी तो करू नये.

यंदा सहामाही परीक्षेच्या आधी एक बाई मला भेटायला शाळेत आल्या. मुलगी दहावीला आहे, पुढे संगणकाचे शिकायचे म्हणते, खर्च किती, कर्ज किती, तुम्हीच काय ते ठरवा, असे म्हणाल्या. मी ड्रॉइंगच्या कागदाची कोरी पाठ काढली. पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मुलगी कुठे आहे?" मी विचारले.

"आहे ना बाहेर, व्हरांड्यात."

"तिला आत बोलवा."

मुलगी आली आणि संकोचाने टेबलाच्या कोपऱ्याशी उभी राहिली. मी कागद तिच्याकडे सरकवला. म्हणालो, "बैस. हिशेब तूच मांड. चुकलं तर मी सांगेन."

तिने पेन्सिलीचे टोक पाहिले, कागद सरळ केला, आणि विचारले, "सर, दर शेकडा किती धरू?"